कोणाचें पाऊल आधीं, कोणाचा शब्द आधीं

एका घरांत दोन जावांचीं मुलें एकाच पावसाळ्यांत जन्मलीं, कीं त्यांच्या आयांचे स्वस्थतेचे दिवस संपलेच म्हणावयाचे. थोरलीचें बाळ अकराव्या महिन्यांत पाऊल टाकतें. धाकटीचें चौदा महिने होऊनहि भिंत सोडीत नाहीं. मग आल्यागेल्यांसमोर दोघांची तुलना सुरू होते, आणि तिचा सारा भार मुकाट्यानें ऐकणाऱ्या मातेवर पडतो. हा भार न्याय्य आहे काय, एवढेंच आम्हांस येथें पाहावयाचें आहे.

जागतिक आरोग्य संघटनेनें भारत, घाना, ओमान, नॉर्वे व अमेरिका या पांच देशांतील निरोगी मुलांचें निरीक्षण करवून त्याचे निष्कर्ष २००६ सालीं प्रसिद्ध केले. त्यांवरून असें दिसतें कीं, आधारावांचून चालण्यास कोणी सव्वाआठ महिन्यांच्या सुमारास आरंभ करतें, तर कोणी साडेसतरा महिन्यांस. शेंकडा सुमारें चार मुलें तर हातांगुडघ्यांवर रांगलींच नाहींत! तेव्हां अकरावा काय किंवा चौदावा काय, दोन्ही महिने सारखेच निकोप होत.

या अंतराचें कारण काय? मज्जातंतूंवर मेदाचें आवरण जसजसें चढत जातें, तसतसे त्यांतून संदेश त्वरेनें वाहूं लागतात. प्रथम मान सांवरते, मग पाठ, आणि शेवटीं पाय. हा क्रम बहुधा सर्वत्र एकच. त्याचा वेग मात्र आनुवंशिकता, पोषण, आजारपण आणि जमिनीवर खेळावयास मिळणारी मोकळीक यांवर अवलंबून असतो. दिवस पुरे होण्यापूर्वीं जन्मलेल्या बाळाची प्रगति तर पहिलीं दोन वर्षें ठरलेल्या प्रसूतिदिनापासून मोजणें हेंच न्यायाचें.

घाईनें कितपत साधतें, हें अमेरिकेंतील आर्नोल्ड गेझेल व हेलन टॉम्पसन यांच्या १९२९ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगावरून कळतें. एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्या बहिणींपैकीं एकीस त्यांनीं ४६ व्या आठवड्यापासून सहा आठवडे जिना चढण्याचा सराव दिला. दुसरीस ५३ व्या आठवड्यापासून अवघे दोन आठवडे. तेवढ्यांत दुसरीनें पहिलीस गांठलें. एका जोडीवरून सिद्धान्त बांधूं नये हें खरें. पण मुलास दंडाला धरून चालविणाऱ्यांस एवढा बोध पुरे.

परंतु ‘याचा बापहि उशिराच बोलला’ या समाधानांत जो धोका आहे, त्याकडे आम्ही वडीलधाऱ्यांचें लक्ष मुद्दाम वेधूं इच्छितों. न बोलणारें मूल कदाचित् ऐकतच नसेल. थायरॉइड ग्रंथीच्या स्रावाची जन्मजात उणीव पहिल्या कांहीं आठवड्यांत ओळखून औषध सुरू केलें, तर बुद्धीची हानि टळते. विलंब झाल्यास ती पुरतेपणीं भरून येत नाहीं. हांकेकडे मान न वळविणें, दीड वर्ष होऊनहि न चालणें, आलेलें बोलणें वा चालणें पुन्हा गमावणें, यांपैकीं कांहींहि दिसल्यास वाट न पाहतां बालरोगतज्ज्ञांकडे जावें.

सारांश, मूल शेजारच्या पाळण्याशीं ताडून पाहूं नये. त्याच्याच मागल्या महिन्याशीं ताडावें. शंका येईल तेथें तपासणी करावी. सुनेस बोल लावल्यानें कोणतेंच मूल आजवर लवकर चाललेलें नाहीं.