नायकाला साजेशी तलवार

विद्यार्थी मित्रहो, ऐतिहासिक नाटक बसवायचे ठरले, की फेटे आणि अंगरखे घरोघरून गोळा करता येतात. तलवार मात्र बनवावी लागते. आणि ती कशी असावी, हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही.

आळंदीजवळ, इंद्रायणीच्या काठी चऱ्होली हे गाव आहे. तेथील एका शाळेत असेच एक नाटक बसत होते. नाटकाचा नायक इतिहासातला नव्हे, शिक्षकांच्या कल्पनेतला होता. पेशवाईच्या काळातला, चऱ्होलीचाच एक गरीब, तरुण बारगीर. नववीतल्या एका किडकिडीत मुलाला ही भूमिका मिळाली होती. आवाज खणखणीत, पाठांतर पक्के. एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी वर्कशॉपमधून लोखंडी पट्टी आणून दिली. लांबी १ मीटर, रुंदी ४ सेंटिमीटर, जाडी अर्धा सेंटिमीटर. टोक थोडे घासले, दुसऱ्या टोकाला सुतळी गुंडाळून मूठ केली, झाली तलवार!

पण तालमीच्या वेळी चार हात फिरवताच मुलाचे मनगट दुखू लागले. मुले हसली. कोणीतरी म्हणाले, “आपल्या वीरांच्या तलवारी चाळीस-चाळीस किलोंच्या असत, आणि याला एवढीशी झेपत नाही!” भूमिका व्यायामशाळेत जाणाऱ्या दुसऱ्या मुलाला द्यावी, असे ठरू लागले. मुलगा खाली मान घालून उभा होता. शिक्षकांनी मला विचारले, “सर, तुम्ही पदार्थविज्ञान शिकवता. यावर काही उपाय?”

मी म्हटले, “मुलगा बदलण्याआधी तलवार बदलून पाहू.”

चाळीस किलोंची तलवार?

आधी त्या चाळीस किलोंचा हिशेब करू. पोलादाची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे ७.८ ग्रॅम असते. म्हणजे ४० किलो पोलादाचे घनफळ सुमारे ५,१०० घन सेंटिमीटर. पाते ९० सेंटिमीटर लांब आणि ५ सेंटिमीटर रुंद धरले, तर जाडी किती येईल? भागाकार करा. उत्तर ११ सेंटिमीटरांहून अधिक! हे पाते झाले की ओंडका? रेल्वेचा रूळ तुम्ही पाहिला असेल. आपल्याकडील मुख्य मार्गांवरील रुळांचे वजन मीटरला ५२ किंवा ६० किलो असते. तेव्हा चाळीस किलोंची तलवार म्हणजे रुळाचा तुकडाच म्हणायचा.

आता खऱ्यासारखे पाते घेऊ. लांबी ९० सेंटिमीटर, सरासरी रुंदी साडेतीन सेंटिमीटर, सरासरी जाडी साडेतीन मिलिमीटर. वजन येते सुमारे ८६० ग्रॅम. मुठीचे तीन-चारशे ग्रॅम मिळवा. एकूण सव्वा किलोच्या आसपास. संग्रहालयांतील लढाईच्या तलवारी बहुधा एक ते दीड किलोच्याच असतात. यात वीरांचा मोठेपणा तसूभरही कमी होत नाही. दिवसभर घोड्यावरून दौड करून मग लढायचे, त्याला हलके आणि चपळ हत्यारच हवे.

वजन किती, याहून वजन कोठे?

आमच्या पट्टीचे वजन १,५७० ग्रॅम भरले. म्हणजे खऱ्या तलवारीहून फार जास्त नव्हे. मग मनगट का दुखले? पट्टी बोटावर तोलून पाहिली. ती बरोबर मध्यावर तोलली गेली. तिचा गुरुत्वमध्य पकडीपासून ४५ सेंटिमीटर दूर होता. खरी तलवार टोकाकडे निमुळती आणि पातळ होत जाते, मूठ भरीव असते. त्यामुळे तिचा गुरुत्वमध्य हाताकडे सरकतो.

तलवार आडवी धरली, की ती एक तरफच होते. समजा, तलवार १,२०० ग्रॅमची आहे आणि गुरुत्वमध्य पकडीपासून १८ सेंटिमीटरवर आहे. वजन आणि अंतर यांचा गुणाकार करा.

पट्टी : १,५७० × ४५ = ७०,६५०
तलवार : १,२०० × १८ = २१,६००

वजन पाऊणपट, पण मनगटावरचा ताण तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी!

ही झाली नुसती धरण्याची गोष्ट. फिरवताना तर अंतराचा वर्ग मोजावा लागतो. करून पाहा. १ मीटर लांबीच्या, ३०० ग्रॅम वजनाच्या दोन सारख्या काठ्या घ्या. एकीला हाताकडच्या टोकापासून १५ सेंटिमीटरवर ३०० ग्रॅम ओल्या मातीचा गोळा लावा, दुसरीला ९० सेंटिमीटरवर. तराजूत दोन्ही सारख्याच भरतील. आता मोकळ्या जागेत एकेक फिरवून पाहा. दुसरी काठी हट्टी बैलासारखी वाटेल. सुरू करताना जोर लागतो, थांबवतानाही लागतो. अंतर सहापट झाले, म्हणून गोळ्याचा अडथळा छत्तीसपट झाला. काठी धरून एकूण हिशेब केला, तर फरक तिपटीहून थोडा जास्त येतो. यालाच पुढच्या वर्गांत तुम्ही ‘जडत्व आघूर्ण’ म्हणाल.

पात्यावर कधी कधी लांब पन्हळ दिसते. ती रक्त वाहून जाण्यासाठी असते, असे सांगतात. ते खरे नव्हे. पन्हळीमुळे धातू वाचतो, पाते हलके होते आणि ताठपणा मात्र फारसा कमी होत नाही.

सरळ की वाकडी?

मराठ्यांकडे तलवारींचे अनेक प्रकार होते. फिरंग ही लांब, सरळ पात्याची. तिचे पाते बहुधा युरोपातून आलेले आणि मूठ येथे बसवलेली. पुष्कळदा अशा मुठीच्या मागे एक दांडा असतो, त्यावर दुसऱ्या हाताची पकड घेता येते. नागपूरकर रघूजी भोसल्यांचे नाव कोरलेली अशी एक तलवार महाराष्ट्र शासनाने २०२५ साली लंडनमधील लिलावातून मिळवली. पाते युरोपीय, सरळ आणि एकधारी, शिवाय सोन्याचे काम. सेनासाहेबसुभ्याला ती शोभतेच. लांब सरळ पाते घोड्यावरून दूरवर पोहोचते आणि खुपसण्यास सोयीचे पडते.

वक्र पात्याची करामत स्वयंपाकघरात पाहा. आई विळीवर वांगे नुसते दाबत नाही, ते पात्यावरून सरकवते. दाबण्यापेक्षा सरकवण्याने थोड्या जोरात काप होतो. वक्र तलवार हाताच्या फिरण्याबरोबर आपोआप सरकत कापते.

आता आमच्या नायकाकडे वळू. शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यारे घेऊन चाकरीस येई. बारगिराला ती सरकारातून मिळत. तेव्हा या गरीब बारगिराच्या हाती सोनेरी फिरंग कशी असेल? शिवाय नाटकातली शेवटची चकमक वाड्याच्या अरुंद बोळात होती. तेथे लांब पाते भिंतीला अडणार. म्हणून साधी, मध्यम लांबीची, वक्र तलवार आम्ही ठरवली.

रंगमंचावर लोखंड नको, म्हणून पाते लाकडाचे, टोकाकडे निमुळते, कडा गोल केलेल्या. मुठीत दोन जाड नटबोल्ट बसवले. मुलाने तलवार उचलली, एकदा फिरवली, मग पुन्हा फिरवली आणि हसला. त्याची भूमिका त्याच्याकडेच राहिली. व्यायामशाळेत जाणारा मुलगा किल्लेदार झाला. त्यानेच पुढे लोखंडी पट्टी आणि नवी तलवार आळीपाळीने फिरवून सगळ्यांना फरक दाखवला.

तेव्हा मित्रहो, एखाद्या वीराची तलवार अमुक मण वजनाची होती असे कोणी सांगितले, तर आदर बाळगा, पण घनता आठवून गुणाकारही करा. आणि आज संध्याकाळी आपली क्रिकेटची बॅट बोटावर तोलून पाहा. तिचा गुरुत्वमध्य कोठे येतो? बॅट उलटी, म्हणजे पात्याकडून धरून फिरवली तर हलकी का वाटते? उत्तर आता तुमचे तुम्हांलाच देता येईल.