विश्लेषण : जुनी पद्मिनी ‘मिसिंग’ करतेय? दोष कार्ब्युरेटरचाच असतो का?

कुर्ल्यात तयार झालेली, १०८९ सीसी इंजिनाची प्रीमियर पद्मिनी आजही अनेक हौशी मालकांनी जपली आहे. इंजिन धक्के देऊ लागले की पहिला संशय कार्ब्युरेटरवर जातो. मात्र तो उघडण्यापूर्वी ठिणगी तपासावी. झिजलेले पॉइंट किंवा खराब कंडेन्सर यांची लक्षणेही तशीच असतात.

प्लग काय सांगतो?

गाडी थोडी चालवून, इंजिन थंड झाल्यावर प्लग काढावा. रंग फिकट तपकिरी असल्यास मिश्रण योग्य. कोरडी काळी काजळी असल्यास बहुधा पेट्रोल जास्त जाते. चोक अडकला आहे का, एअर फिल्टर तुंबला आहे का, ते पाहावे.

चोक ओढल्यावरच चालते?

इंजिन गरम होऊनही चोकशिवाय चालत नसेल, तर पेट्रोल कमी पडते आहे. जेटमध्ये कचरा अडकलेला असतो किंवा मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून हवा शिरत असते.

धोका कधी?

कार्ब्युरेटर ओव्हरफ्लो होत असल्यास फ्लोटची सुई बहुधा नीट बसत नाही. तापलेल्या इंजिनावर पेट्रोल सांडून आग लागू शकते. इंजिन ताबडतोब बंद करावे. दुरुस्तीपूर्वी पुन्हा सुरू करू नये.