मुंबईची तीन सत्तांची सनद

बोरीबंदरासमोर दोन रस्ते जिथे एकत्र येतात त्या कोनात उभी असलेली मुंबई महानगरपालिकेची इमारत पाहिली नाही असा मुंबईकर विरळा. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स या स्थापत्यविशारदाने रेखाटलेली व १८९३ मध्ये पूर्ण झालेली ही वास्तू, तिचा घुमट आणि तिच्यासमोरचा सर फिरोजशहा मेहतांचा पुतळा यांविषयी लिहावे, अशी संपादकांची सूचना होती. परंतु त्या वास्तूची माहिती जमवू लागताच माझे लक्ष पुन्हा पुन्हा अशा एका गोष्टीकडे वळत राहिले, की जी त्या इमारतीहून पाच वर्षांनी वडील आहे, जिला ना घुमट ना पुतळा, आणि तरीही जिच्या आधारावाचून त्या इमारतीतला एकही हुकूम निघू शकत नाही. ती म्हणजे १८८८ चा मुंबई महानगरपालिका अधिनियम, त्या वर्षीचा मुंबई इलाख्याचा तिसरा कायदा.

या कायद्याचे पुस्तक ज्यांनी कधी उघडलेले नाही त्यांच्याही तोंडी त्याची कलमे असतात. अनधिकृत बांधकाम केलेला गृहस्थ ‘तीनशे एक्कावन्नची नोटीस आली’ म्हणतो, मोडकळीस आलेल्या चाळीतला भाडेकरू ‘तीनशे चौपन्न’च्या धास्तीत झोपतो, आणि धंद्याच्या परवान्यासाठी विभाग कार्यालयाच्या पायऱ्या झिजवणारा दुकानदार ‘तीनशे चौऱ्याण्णव’ हा आकडा स्वतःच्या वयासारखा बिनचूक सांगतो. ज्या कायद्याची कलमे अशी लोकांच्या बोलण्यात मुरलेली आहेत, तो कायदा नगराच्या जीवनात किती खोल गेला असेल याची कल्पना एवढ्यावरून यावी.

त्याची पूर्वपीठिका थोडक्यात सांगता येईल. १८४५ मध्ये स्वच्छतेसाठी एक मंडळ नेमले गेले. १८५८ मध्ये तीन आयुक्तांचे मंडळ आले, आणि तिघांत जबाबदारी वाटली गेल्यामुळे ती कोणाचीच उरली नाही. म्हणून १८६५ च्या कायद्याने सारी कार्यकारी सत्ता एकाच आयुक्ताच्या हाती देऊन, त्याच्या मागे ‘जस्टिस ऑफ द पीस’ या सरकारने नेमलेल्या प्रतिष्ठित गृहस्थांचे मंडळ उभे केले. पहिले आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांनी गटारे, रस्ते आणि बाजार यांची कामे विलक्षण धडाडीने केली. पण कापसाच्या तेजीनंतर आलेल्या मंदीत नगरी होरपळत असताना खर्चाचा डोंगर वाढत गेला, आणि १८७१ मध्ये करदात्यांचा असंतोष उफाळून आला.

आयुक्ताची एकहाती सत्ताच मोडून काढा, असा त्या वेळी बहुतेकांचा सूर होता. त्याच वर्षाच्या अखेरीस फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये सव्वीस वर्षांच्या फिरोजशहा मेहता नावाच्या बॅरिस्टराने लोकमताच्या विरुद्ध जाऊन असे प्रतिपादन केले, की दोष एका हाती असलेल्या कार्यकारी सत्तेत नसून, त्या सत्तेला जाब विचारणारी लोकनियुक्त सभा नाही यात आहे. १८७२ च्या कायद्याने चौसष्ट सभासदांची महापालिका निर्माण झाली व त्यांपैकी निम्मे म्हणजे बत्तीस सभासद करदात्यांनी निवडावयाचे ठरले. त्यानंतर सोळा वर्षांनी फिरोजशहा व काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी इलाख्याच्या विधिमंडळात मसुद्याच्या शब्दाशब्दाची छाननी करून जो कायदा घडविण्यास हातभार लावला, तोच आजही चालू आहे.

या कायद्यातील ज्या यंत्रणेने मला खिळवून ठेवले, तिच्याकडे आता वळतो. कायद्याने नगराचा कारभार एका नव्हे, तीन प्राधिकाऱ्यांवर सोपविला : महापालिकेचे सभागृह, स्थायी समिती आणि आयुक्त. यांपैकी कोणीही दुसऱ्याचा नोकर नाही. प्रत्येकाची सत्ता थेट कायद्यातून आलेली आहे. कलम चौसष्ट सांगते, की नगराचे शासन सभागृहाकडे राहील, परंतु कायद्याच्या अंमलबजावणीची संपूर्ण कार्यकारी सत्ता आयुक्ताकडे राहील. आयुक्त सभागृहात येऊन बसू शकतो व चर्चेत भाग घेऊ शकतो, पण त्याला ठराव मांडता येत नाही व मतही देता येत नाही. सभागृह ठराव करू शकते, आयुक्ताकडून कागदपत्रे व अहवाल मागवू शकते. पण एक कामगारही स्वतःच्या हुकमाने कामाला लावू शकत नाही. आणि या दोहोंच्या मध्ये, जुन्या टाउन कौन्सिलाच्या जागी आलेली स्थायी समिती तिजोरीच्या दारात उभी असते : ठरावीक रकमेपलीकडचा मक्ता तिच्या संमतीवाचून देता येत नाही, आणि आयुक्ताने तयार केलेले अंदाजपत्रक तिच्या तपासणीतून गेल्यावरच सभागृहापुढे येते.

याहूनही अधिक विचारपूर्वक रचलेले कलम चौपन्नावे आहे. आयुक्ताची नेमणूक सरकार करते, एका वेळी तीन वर्षांहून अधिक नाही इतक्या मुदतीसाठी. मात्र त्याचे वेतन नगराच्या निधीतून दिले जाते. त्याला दूर करावयाचे असल्यास सभागृहातील एकूण सभासदांपैकी किमान पाच अष्टमांश सभासदांनी तसे मत दिले पाहिजे, आणि तसे मत पडले की सरकारला त्याला तात्काळ हटवावेच लागते. १८८८ च्या सभागृहात बहात्तर सभासद होते : छत्तीस विभागांतून निवडलेले, सोळा जस्टिसांनी निवडलेले, दोन विद्यापीठाचे, दोन व्यापारी मंडळाचे आणि सोळा सरकारने नेमलेले. बहात्तरांचे पाच अष्टमांश म्हणजे पंचेचाळीस. करदात्यांचे छत्तीसही सभासद एकदिलाने उभे राहिले, तरी त्यांना आणखी नऊ मते जस्टिसांकडून, विद्यापीठाकडून किंवा व्यापाऱ्यांकडून मिळवावी लागत. उलट सरकारच्या सोळांनी कितीही विरोध केला, तरी उरलेले छप्पन एक झाल्यास आयुक्ताला वाचविण्याचे सामर्थ्य त्या सोळांत नव्हते. हा आकडा सहज सुचलेला नव्हे. क्षणिक रागाने अधिकारी हलू नये, पण सार्वत्रिक अविश्वासापुढे तो टिकूही नये, असा अत्यंत सूक्ष्म तोल त्या अपूर्णांकात साधलेला आहे, आणि तो उलगडला तेव्हा त्या मसुदाकारांविषयी माझ्या मनात निःसंशय आदर दाटून आला.

पुढच्या शतकात या चौकटीत माणसांची भर पडत गेली. १९०७ मध्ये प्राथमिक शिक्षणाचा भार महापालिकेकडे आला. १९२२ च्या दुरुस्तीने भाडेकरूंना मताधिकार मिळाला. १९३१ मध्ये अध्यक्षाला ‘मेयर’ ही पदवी आली. प्लेगनंतर १८९८ च्या कायद्याने निघालेला सुधारणा ट्रस्ट १९३३ मध्ये महापालिकेत विलीन झाला. १९३८ च्या दुरुस्तीने सरकारनियुक्त सभासद नाहीसे झाले, आणि प्रौढ मताधिकाराने निवडलेले पहिले सभागृह १९४८ मध्ये भरले. १९५० मध्ये हद्द उपनगरांत शिरली, १९५७ मध्ये ती दहिसर व मुलुंडपर्यंत पोचली. १८९१ च्या जनगणनेत सव्वाआठ लाखांच्या आत असलेली लोकसंख्या २०११ मध्ये सव्वा कोटीच्या घरात गेली. सभागृह बहात्तरांचे दोनशे सत्तावीसांचे झाले, आणि आता त्यातील निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. पुणे व राज्यातील इतर शहरांसाठी १९४९ मध्ये झालेल्या कायद्यानेही हीच तीन सत्तांची घडण स्वीकारली.

कायद्याचे शब्द तेच राहूनही त्यांचा अर्थ कसा पालटतो, याचे उदाहरण कलम तीनशे चौदा देते. रस्त्यावरील अतिक्रमण आयुक्ताला पूर्वसूचनेवाचून हटविता येईल, असे ते सांगते. १९८१ च्या पावसाळ्यात पदपथांवर राहणाऱ्या कुटुंबांना हुसकावण्याची मोहीम निघाली, आणि ‘ओल्गा टेलिस’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या खटल्यात १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निर्णय दिला. त्या पीठाचे प्रमुख सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड होते. उपजीविकेचा हक्क हा जीविताच्या हक्काचाच भाग होय, आणि सूचना न देण्याची मुभा म्हणजे सूचना न देण्याची आज्ञा नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. कलम घटनाबाह्य ठरले नाही व पदपथावर राहण्याचा हक्कही मान्य झाला नाही. परंतु एरवी रहिवाशाचे म्हणणे ऐकून घेतल्यावाचून हात उगारता येणार नाही, हा अर्थ त्या जुन्या वाक्यात कायमचा वसला.

येथवर वाचणाऱ्याला ही एका यशस्वी रचनेची कथा वाटेल. परंतु मला वाटणारी चिंता येथूनच सुरू होते. सव्वाशे वर्षांहून अधिक काळात मतदार वाढले, सभासद वाढले, हद्द वाढली. फक्त एक गोष्ट वाढली नाही, ती म्हणजे निवडलेल्या सभागृहाची कार्यकारी सत्ता. परकीय सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्यावर नियंत्रण ठेवण्यासाठी जी योजना १८८८ मध्ये पुरोगामी होती, ती स्वकीय सरकारच्या काळातही जशीच्या तशी राहिली. कलकत्त्याने १९८० च्या कायद्याने महापौर व त्याच्या सहकाऱ्यांच्या परिषदेकडे कार्यकारी सत्ता दिली आणि तेथे ती पद्धत रुजली; मुंबईत तसाच प्रयोग १९९८ मध्ये झाला आणि पुढच्याच वर्षी तो गुंडाळला गेला. नवी संस्था आपल्या चुकांतून शिकते, पण शिकण्याला लागणारा अवधीच तिला दिला गेला नाही.

दुसरी अडचण अशी, की मूळ कायद्याला हात न लावताही महापालिकेची सत्ता कमी करता येते, शेजारी दुसरा कायदा उभा केला की पुरे. म्हाडा, महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण या साऱ्या संस्था राज्याच्या निरनिराळ्या कायद्यांनी जन्मल्या. त्यांच्यापुढचे प्रश्न खरे होते, त्यांची कामेही खरी आहेत. परंतु नगराची जमीन, घरे आणि मोठे रस्ते यांचे निर्णय सभागृहाच्या टेबलावरून उठून इतरत्र गेले, आणि तेथे मतदाराला जाब विचारण्याची जागा नाही. महसुलाचेही तेच झाले. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि जकात गेली. तिच्या बदल्यात राज्याच्या तिजोरीतून भरपाई मिळते, परंतु स्वतः गोळा केलेला पैसा व दुसऱ्याने दिलेला पैसा यांत स्वायत्ततेचे अंतर असते. पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता करही २०२२ मध्ये राज्याच्या कायद्यानेच माफ झाला. लहान घरांत राहणाऱ्यांना दिलासा मिळाला, यात आनंदच आहे. पण नगराने आपला कर सोडावा की नाही हे नगराने ठरविले नाही.

सर्वांत गंभीर प्रसंग मात्र ७ मार्च २०२२ नंतरचा. सभागृहाची मुदत त्या दिवशी संपली. निवडणूक मुदतीपूर्वी व्हावयास हवी, असे चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने स्पष्ट सांगितले असताना, आरक्षण आणि प्रभागांची संख्या यांचे वाद न्यायालयात गेले. जागा आधी दोनशे छत्तीस झाल्या, मग पुन्हा दोनशे सत्तावीस. प्रशासक नेमता यावा म्हणून कायद्यात दुरुस्ती करण्यात आली, आणि आयुक्त हाच प्रशासक झाला. ज्या तीन सत्ता १८८८ च्या मसुदाकारांनी एकमेकींपासून कटाक्षाने वेगळ्या ठेवल्या होत्या, त्या एका खुर्चीत आल्या. प्रस्ताव मांडणारा तोच, तो तपासणारा तोच, त्यास मंजुरी देणारा तोच. २०२५-२६ चे ७४,४२७ कोटी रुपयांचे अंदाजपत्रक याच रीतीने मांडले व संमत झाले. कोणा अधिकाऱ्याच्या सचोटीविषयी येथे शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न इतकाच आहे, की सचोटीवर विसंबून राहावे लागू नये म्हणूनच तर कायदा असतो. अखेर सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये निवडणुका घेण्याचा आदेश दिला, आणि १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले. पावणेचार वर्षांहून अधिक काळ सव्वा कोटी लोकांच्या नगरीत एकही नगरसेवक नव्हता.

सभागृह परत आले म्हणून हा धडा संपला असे मानणे धोक्याचे आहे, कारण ज्या दुरुस्तीने ते अनुपस्थित ठेवणे सुकर झाले तशी दुरुस्ती पुन्हाही होऊ शकते. माझे मत मी स्पष्टपणे मांडतो. प्रशासकाची मुदत कायद्यातच सहा महिन्यांवर थांबविली पाहिजे. त्या काळात नवा मोठा मक्ता देण्याचा किंवा नवी कामे हाती घेण्याचा अधिकार त्याला असता कामा नये, चालू सेवा चालविण्यापुरताच खर्च त्याने करावा. आणि आयुक्ताच्या नेमणुकीस सभागृहाची संमती आवश्यक ठरवावी. यांतील एकही गोष्ट १८८८ च्या रचनेला परकी नाही. सत्ता एकाच्या हाती द्यावी पण तिला विचारणारे कोणीतरी नेहमी समोर असावे, हे तिचे मूळ सूत्र आहे. त्या सूत्राचे रक्षण करणे हे विधिमंडळाचे कर्तव्य आहे, आणि विधिमंडळाला त्या कर्तव्याची आठवण देत राहणे हे आपले.