जुनी ‘फोर बाय फोर’ सुमो घ्यायचीय? टोकन देण्याआधी हे तपासा

जपानी मित्सुबिशी डेलिका, म्हणजे चारही चाकांना ताकद मिळणारी मिनीव्हॅन, रील्समध्ये पाहून अनेकजण तिच्या प्रेमात पडतात. पण जुनी डेलिका भारतात आणणं जवळपास अशक्य, कारण तीन वर्षांपेक्षा जुनी गाडी सहसा आयातच करता येत नाही. मग मिरा-भाईंदरच्या शौकिनाची नजर वळते जुन्या टाटा सुमोच्या फोर बाय फोर मॉडेलकडे. १९९४ मध्ये आलेल्या या गाडीचं नाव जपानी कुस्तीवरून नाही, तर टाटा मोटर्सच्या सुमंत मुळगावकरांवरून पडलंय.

घेताना सगळ्यात आधी फोर बाय फोर खरंच लागतं का, ते बघा. वर्षानुवर्षं न वापरल्याने ही यंत्रणा जाम होते. चाचणी घोडबंदरच्या डांबरी रस्त्यावर नको. पुढची-मागची चाकं एकाच वेगाने बांधली जातात आणि वळताना गिअरवर ताण येतो. भुसभुशीत मातीत चालवून बघा.

खरी गोची कागदांत. दिल्लीत १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आहेत, म्हणून तिथली सुमो स्वस्त दिसते. पण तिची नोंदणी रद्द झाली असेल आणि एनओसी नसेल, तर ती इथे नावावर होणं कठीण. स्थानिक गाडी असली तरी १५ वर्षांनंतर आरसीचं नूतनीकरण आणि ग्रीन टॅक्स लागतो. २० वर्षांवरच्या कारसाठी नूतनीकरणाचं शुल्कच २०२५ पासून १० हजार रुपये झालंय. हा खर्च सौदा करतानाच किमतीतून वजा करून घ्या.