पाने पाहिली, मूळ पाहिले नाही



काही वर्षांपूर्वी एका शेतकऱ्याची तूर वाढेना. मी खताची मात्रा वाढवायला सांगितली. त्यांनी उसनवारीने पोती आणली, पण तूर काही उठली नाही. शेवटी झाड उपटले, तर सोटमूळ वीतभर खाली जाऊन आडवे वळलेले! खाली जमिनीचा घट्ट थर होता. चूक माझी होती.

मूळ असे का अडते, याचा नवा उलगडा इंग्लंडातील नॉटिंगहॅम विद्यापीठात झाला आहे. ब्रिटनमध्ये २००५-०६ च्या सुमारास सरकारी पैशातून ‘प्रणाली जीवशास्त्रा’ची सहा केंद्रे मंजूर झाली. नॉटिंगहॅमच्या केंद्राने विषय घेतला तो वनस्पतीच्या मुळाचा.

प्रणाली जीवशास्त्र म्हणजे काय? एकच बैल तपासून जोडीची चाल कळत नाही. तसेच झाडाचा एकेक भाग सुटा पाहून सारे झाड कळत नाही. म्हणून तेथे वनस्पतिशास्त्रज्ञ, गणिती आणि संगणकाचे जाणकार एकत्र बसले. प्रयोगाला घेतले मोहरीच्या कुळातले अरॅबिडॉप्सिस नावाचे इवलेसे तण. ते झटपट वाढते आणि त्याचे बारीक मूळ सूक्ष्मदर्शकाखाली चांगले दिसते.

हे मूळ आडवे केले, की ऑक्सिन हे संप्रेरक काही मिनिटांतच खालच्या बाजूला जास्त जमते व मूळ खाली वळू लागते. टोक आडव्या रेषेपासून सुमारे ४० अंश खाली आले, की दोन्ही बाजूंचे ऑक्सिन पुन्हा सारखे होते. प्रयोग आणि गणित यांची सांगड घालून हे २०१२ मध्ये मांडले गेले.

तणाच्या मुळाचा शेतकऱ्याला काय उपयोग, असे कोणीही विचारील. त्याचे उत्तर पुढे मिळाले. त्याच विद्यापीठातील व शांघायमधील शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये घट्ट जमिनीचे कोडे उलगडले. मुळाला जोर कमी पडतो म्हणून ते थांबते, असे आपण समजत होतो. पण केळी पिकवणारा इथिलीन वायू मूळही सोडत असते. भुसभुशीत मातीत तो निघून जातो. घट्ट मातीत मुळाभोवतीच कोंडतो. तो साचला, की मूळ वाढ आवरते. ज्या भाताला इथिलीनची जाणीवच होत नाही, त्याची मुळे घट्ट मातीतही खोल गेली. मात्र हे प्रयोगातले भात आहे, दुकानातले बियाणे नव्हे.

तणाच्या मुळावर वर्षानुवर्षे खर्च करायला व्यापारी सहसा धजत नाही; तेथे जनतेचाच पैसा लागतो. आपल्याकडे राहुरी, अकोला, परभणी व दापोलीची कृषी विद्यापीठेही जनतेच्या पैशावर उभी आहेत. तेथे जाऊन प्रश्न विचारणे हा आपला हक्क आहे.

तोवर घरचे काम करू. ओल्या रानात ट्रॅक्टर घालू नका. वाफसा येऊ द्या. शेणखत, ताग यांनी माती भुसभुशीत ठेवा. आणि पीक पिवळे पडले, तर खताच्या दुकानाआधी कुदळ घेऊन बांध ओलांडा. हातभर खड्डा खणा आणि मूळ कोठे अडले ते पाहा.