विश्लेषण : मित्रांचा रॉक बँड जमतो कसा आणि मोडतो कशावरून?

बारावीची सुट्टी किंवा कॉलेजचे पहिले वर्ष. एकाकडे गिटार असते, दुसऱ्याचा आवाज बरा असतो, तिसऱ्याला बाकावर बोटांनी ठेका धरायची सवय असते. ‘आपण बँड काढू या’ हे कुणीतरी म्हणतो आणि त्याच रात्री व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप तयार होतो. सहा महिन्यांनी अनेकदा तो ग्रुपच तेवढा उरतो. सूर लागत नाही म्हणून बँड मोडल्याची उदाहरणे कमी. जागा, आवाज, पैसा आणि ‘गाणे कुणाचे’ या गोष्टी वेळेवर बोलल्या जात नाहीत, मग मैत्रीच पणाला लागते.

सुरुवात कुणापासून करायची?

शक्य असेल तर ड्रमरपासून. गिटार वाजवणारे गल्लोगल्ली सापडतात. ड्रमसेट असलेला, तो ठेवायला जागा असलेला आणि घरच्यांनी सहन केलेला मुलगा किंवा मुलगी मिळणे कठीण. आयर्लंडमधील ‘यू टू’ या जगप्रसिद्ध बँडची सुरुवात ड्रमरनेच केली. १९७६ मध्ये डब्लिनच्या माउंट टेंपल शाळेत १४ वर्षांच्या लॅरी मलनने फलकावर चिठ्ठी लावली : बँडसाठी वादक हवेत. २५ सप्टेंबरला त्याच्या घरच्या स्वयंपाकघरात मुले जमली. त्यांत पुढे बोनो म्हणून गाजलेला पॉल ह्यूसन होता, डेव्हिड (पुढचा ‘द एज’) आणि डिक हे इव्हान्स बंधू होते आणि अ‍ॅडम क्लेटन होता. क्लेटनला बेस गिटार फारशी वाजवता येत नव्हती, पण ती त्याच्या मालकीची होती आणि सोबत अ‍ॅम्पही होता. हौशी बँडमध्ये ही पात्रता कमी लेखू नये.

या मुलांना प्रसिद्ध गाणी नीट वाजवता येत नव्हती, म्हणून आपण स्वतःची रचू लागलो, असे या बँडच्या सदस्यांनीच पुढे सांगितले आहे. सांगण्याचा मुद्दा असा, की पहिल्या दिवशी कौशल्य समसमान असण्याची गरज नसते. दर आठवड्याला ठरल्या वेळी येणारा मध्यम वादक हा महिन्यातून एकदा उगवणाऱ्या उस्तादापेक्षा बँडला अधिक उपयोगी असतो.

पहिली गाणी कशी निवडावीत?

थोडी आणि सोपी. तीन गाणी पहिल्या ठोक्यापासून शेवटच्या ठोक्यापर्यंत, न थांबता वाजवता येणे हे पहिले उद्दिष्ट पुरेसे आहे. अनेक बँड वीस गाण्यांची सुरुवात बसवतात. शेवट एकाचाही नसतो. प्रस्तुत लेखकाच्या कॉलेजातील बँडने नाव ठरवण्यात दोन महिने घालवले आणि पूर्ण गाणी बसवली दोन, त्यामुळे हा सल्ला अनुभवाचा समजावा.

दुसरी नेहमीची चूक पट्टीची. मूळ ध्वनिमुद्रणात गाणे ज्या पट्टीत आहे त्याच पट्टीत गायचा हट्ट धरला, की आपला गायक दुसऱ्या अंतऱ्यात ओरडू लागतो. पेटीवर साथ करणारा कुणीही सांगेल : पट्टी गाणाऱ्याच्या गळ्याला सोयीची हवी. गिटारवाल्यांनी कॅपो लावावा किंवा कॉर्ड बदलून घ्यावेत.

तिसरी चूक आवाजाची. ड्रम ऐकू आले नाहीत असे वाटून बेसवाला अ‍ॅम्प वाढवतो, मग गिटारवाला वाढवतो, मग ड्रमर जोरात मारतो. पंधरा मिनिटांत गायकाचे ओठ हलताना तेवढे दिसतात. यावर उपाय उलट दिशेचा आहे. माइकवरचा गायक स्पष्ट ऐकू येईल इतकाच सगळ्यांचा आवाज ठेवायचा. आपापला भाग घरी पाठ करून यायचे आणि एकत्र जमल्यावर फक्त सांधे जुळवायचे : कोण कधी थांबतो, लय कुठे पळते, बेस आणि ड्रमचा पायाचा ठोका एकत्र पडतो का. मोबाइलवर सराव ध्वनिमुद्रित करून दुसऱ्या दिवशी ऐकला, की बहुतेक वाद आपोआप मिटतात. काही नवे सुरू होतात, ही गोष्ट वेगळी.

सराव घरी करता येईल का?

रॉक बँडची खरी अडचण इथे आहे. ड्रमसेटजवळचा आवाज सहज १०० डेसिबलच्या आसपास जातो. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. ‘रात्री दहापर्यंत काहीही चालते’ हा समज चुकीचा आहे. खासगी जागेतील वाद्य किंवा ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा पाच डेसिबलहून अधिक वाढता कामा नये, असे नियम सांगतात आणि ते दिवसालाही लागू आहेत. डेसिबलचे माप सरळ बेरजेचे नाही. दर दहा डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दहापट होते. म्हणजे ५५ आणि १०० यांतले अंतर दुप्पट नव्हे, हजारो पटींचे असते.

भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवणे हा लोकप्रिय उपाय शेजाऱ्यांसाठी जवळजवळ निरुपयोगी आहे. त्याने खोलीतला घुमारा किंचित कमी होतो, पण आवाज बाहेर जायचा थांबत नाही. तो अडवायला वजनदार भिंत आणि बंद फटी लागतात. बेस आणि ड्रमचा जड आवाज तर स्लॅबमधून खाली उतरतो. इलेक्ट्रॉनिक ड्रम हेडफोन लावून वाजवता येतात, तरी पायाच्या पेडलची धडधड खालच्या मजल्यावर पोहोचतेच. खाली जाड रबर घालावे लागते. म्हणूनच बहुतेक शहरी बँड तासाच्या भाड्याने मिळणारी सरावाची खोली, म्हणजे जॅम रूम, घेतात. भाडे पाच जणांत विभागले की परवडते आणि पैसे मोजले की मंडळी वेळेवर येतात. पुण्यातील ढोल-ताशा पथके नदीकाठी, ठरल्या वेळी सराव करतात. आवाजाचे काम वस्तीपासून शक्य तितके दूर न्यावे लागते, हे त्यांना कधीच कळले आहे. तक्रारी त्यांनाही चुकलेल्या नाहीत.

कानांचे काय, हा प्रश्न विशीत कुणी विचारत नाही. अमेरिकेच्या ‘नायॉश’ या संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास चालतो; पुढे दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला ती १५ मिनिटे उरते. सराव दोन तास चालतो. कानात घालायचे बोळे गिटारच्या तारांच्या एका संचाहून फार महाग नसतात. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.

दुसऱ्यांची गाणी वाजवायला परवाना लागतो का?

कार्यक्रम कुठला, यावर ते अवलंबून. स्वामित्व हक्क कायदा, १९५७ मधील कलम ५२ नुसार हौशी क्लब किंवा संस्थेने पैसे न देणाऱ्या प्रेक्षकांसमोर गाणे सादर केले तर तो हक्कभंग ठरत नाही. कॅफे, हॉटेल किंवा तिकीट लावलेल्या कार्यक्रमाला ही सूट नाही. तिथे शब्द आणि चालीच्या हक्कांसाठी ‘आयपीआरएस’ या संस्थेचा परवाना लागतो आणि तो सहसा आयोजकाने किंवा जागामालकाने घ्यायचा असतो. तयार ध्वनिमुद्रण लावणे हा वेगळा हक्क आहे. प्रत्यक्ष वाजवणाऱ्या बँडचा त्याच्याशी संबंध येत नाही. ही सूट त्या सादरीकरणापुरतीच असते. त्याच गाण्याचे ध्वनिमुद्रण करून ते प्रसिद्ध करायचे तर परवानगीचा प्रश्न नव्याने उभा राहतो.

स्वतःचे गाणे नेमके कुणाचे?

गच्चीवर पाच जण बसून गाणे झाले. एकाने शब्द लिहिले, एकाने चाल गुणगुणली, गिटारवाल्याने सुरुवातीची धून काढली, ड्रमरने ठेका बदलला आणि गाणे एकदम उभे राहिले. बँडमधल्या प्रत्येकाला ते आपले वाटते आणि तसे वाटणे योग्यही आहे. कायदा मात्र त्याचे तुकडे करतो. शब्दांचा कर्ता गीतकार, चालीचा कर्ता संगीतकार; चाल स्वरलिपीत लिहिलेली नसली तरी. ध्वनिमुद्रणाचा कर्ता तो, ज्याने ते करण्यात पुढाकार घेतला आणि जबाबदारी उचलली. वादकांना सादरकर्ते म्हणून वेगळे हक्क असतात. म्हणजे ज्या ठेक्यामुळे गाणे लोकांना आवडले, तो देणारा ड्रमर कायद्याच्या भाषेत सहसा संगीतकार ठरत नाही.

गाणे चालले नाही तर यातले काहीच महत्त्वाचे नसते. चालले, तर नावाच्या ओळीत कोण आहे यावर वर्षानुवर्षांचे मानधन ठरते. ‘यू टू’ने यावर सोपा तोडगा काढला. बहुतेक गाण्यांचे संगीत कुणा एकाच्या नव्हे, तर बँडच्या नावावर लावले आणि उत्पन्नाची वाटणी समान ठेवली. हा तोडगा सर्वांना मानवेल असे नाही. सगळी गाणी एकटीच रचणाऱ्या मुलीला तो अन्यायही वाटेल. तसे असेल तर वेगळी वाटणी ठरवावी. पण गाणे झाले त्याच आठवड्यात, तारखेसह, ग्रुपवर लिहून टाकावी.

पैसे वाटायचे कसे?

न बोलता वाटू नयेत. मँचेस्टरच्या ‘द स्मिथ्स’ या बँडमध्ये १९८२ ते १९८७ या काळात ध्वनिमुद्रण आणि कार्यक्रमांच्या उत्पन्नातील प्रत्येकी ४० टक्के गायक मॉरिसी आणि गिटारवादक जॉनी मार यांना, तर प्रत्येकी १० टक्के बेसवादक अँडी रूर्क आणि ड्रमर माइक जॉइस यांना मिळत होते. रूर्क आणि मार तर शाळेपासूनचे मित्र. बँड मोडल्यावर जॉइस न्यायालयात गेला. गीतलेखन आणि संगीतरचनेच्या मानधनावर त्याचा दावा नव्हता. उरलेल्या उत्पन्नात आपण समान भागीदार आहोत, एवढेच त्याचे म्हणणे होते. तो जिंकला. १९९६ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने १८९० च्या भागीदारी कायद्याचा आधार घेतला : वेगळे काही ठरल्याचे सिद्ध होत नसेल तर हिस्से समान. १९९८ मध्ये मॉरिसीचे अपीलही फेटाळले गेले. रूर्कने मात्र आधीच ८३ हजार पौंडांवर तडजोड केली होती.

भारताच्या १९३२ च्या भागीदारी कायद्यातही हेच तत्त्व आहे. वेगळा करार नसेल तर नफा समान आणि तोटाही समान. नुसती हौस असेल तोवर हा प्रश्न येत नाही. मानधन घेऊन ते वाटून घ्यायचे ठरले, की येऊ शकतो. सुरुवातीला तर नफ्यापेक्षा तोटाच वाट्याला येतो. भाड्याने आणलेला अ‍ॅम्प जळला तर कोण भरणार? गिटारवाल्याच्या वडिलांची गाडी सामान नेते, तिचे पेट्रोल कुणाचे? सर्वांच्या वर्गणीतून घेतलेला मिक्सर, एक जण नोकरीसाठी बंगळुरूला गेला तर, कुणाकडे राहणार? दहा ओळींत लिहून होण्यासारखे हे प्रश्न आहेत.

एखादा सोडून गेला तर?

जातोच. परदेशी शिक्षण, नोकरीची पाळी, लग्न किंवा नुसता कंटाळा. बँडच्या नावाचे तेव्हा काय करायचे, हेही आधी ठरवता येते. पैसे येऊ लागले तर नाव व्यापारचिन्ह म्हणून नोंदवता येते. नोंदणी दहा वर्षे टिकते आणि पुढे वाढवता येते. एकाच्याच नावावर ती केली, तर पुढच्या भांडणाचे बी तिथेच पेरले जाते.

डब्लिनच्या मुलांनी निरोप कसा दिला, ते पाहण्यासारखे आहे. सुरुवातीला ‘फीडबॅक’ आणि मग ‘द हाइप’ अशी नावे घेतलेल्या या बँडमधून मार्च १९७८ मध्ये डिक इव्हान्स बाहेर पडणार होता. हौथ या उपनगरात शेवटचा कार्यक्रम झाला. पाचही जणांनी दुसऱ्यांची गाणी वाजवली, डिक मधूनच रंगमंचावरून चालत निघून गेला आणि उरलेले चौघे ‘यू टू’ या नावाने परत येऊन स्वतःची गाणी वाजवू लागले. त्याच महिन्यात लिमरिकच्या स्पर्धेत त्यांना ५०० पौंडांचे बक्षीस मिळाले. डिक पुढे ‘व्हर्जिन प्रून्स’ या बँडमध्ये गिटार वाजवू लागला. तो बँडही त्याच मित्रमंडळींचा होता.