शंभर वर्षांची इमारत, त्याहून जुनं स्टेशन

पुणे स्टेशनच्या इमारतीला २७ जुलै २०२५ रोजी शंभर वर्षं पूर्ण झाली. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांनी १९२५ साली तिचं उद्घाटन केलं होतं. स्टेशन मात्र या इमारतीपेक्षा सदुसष्ट वर्षांनी मोठं आहे. इमारतीच्या डागडुजीचा आणि स्टेशनच्या पुनर्विकासाचा विषय निघाला की ही सदुसष्ट वर्षं हिशेबातून गळून जातात. मला ती सगळ्यात मोलाची वाटतात, म्हणून सुरुवात तिथून.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला म्हणजे जीआयपी रेल्वेची खंडाळा ते पुणे ही गाडी १४ जून १८५८ रोजी सुरू झाली. मुंबईकडून येणारा लोहमार्ग त्याआधी दोन वर्षं खोपोलीपर्यंत पोहोचला होता. मधला बोरघाट तेवढा राहिला होता. म्हणजे पुढची जवळजवळ पाच वर्षं मुंबईहून पुण्याला येणारा माणूस खोपोलीला आगगाडीतून उतरायचा, पालखीत, तट्टावर किंवा बैलगाडीत बसून घाट चढायचा आणि खंडाळ्याला पुन्हा गाडी धरायचा. गाडी मुंबईला जोडलेली नसताना पुण्याचं स्टेशन चालू होतं. इतकंच नाही, मुंबईशी सलग रूळ जुळायच्या आधीच पुण्याहून सोलापूरपर्यंत रेल्वे गेली होती.

घाटाचं काम आजही थक्क करणारं आहे. पंधरा मैलांहून थोड्या जास्त अंतरात अठराशे फुटांवर चढण, पंचवीस बोगदे, आणि सदतीस फुटांमागे एक फूट असा चढ. मार्ग आखला जीआयपीचे मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांनी. घाट पुरा झालेला पाहायला ते उरले नाहीत, १८६२ सालीच वारले. पहिल्या कंत्राटदाराने काम अर्ध्यावर सोडलं. त्याच्या जागी आलेले सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली इथे पोहोचल्यावर थोड्याच दिवसांत दगावले. तेव्हा त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल यांनी कंत्राट स्वतःकडे घेतलं आणि दोन अनुभवी अभियंत्यांच्या हाती रोजचा कारभार सोपवून काम तडीला नेलं. एके काळी चाळीस हजारांवर मजूर या डोंगरात राबत होते. पटकी, ताप, सुरुंगाचे स्फोट, कोसळणाऱ्या दरडी यांत किती गेले याचा नीट हिशेब कुणी ठेवला नाही. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांनी घाटमार्ग खुला केला, तेव्हा कुठे पुणे खऱ्या अर्थाने मुंबईच्या रुळांवर आलं.

पुण्यात रेल्वे पेठांच्या जवळ आलीच नाही. खडकी, भांबुर्डे (म्हणजे आजचं शिवाजीनगर) असं करत तिने संगमापाशी मुठा ओलांडली आणि शहर नि लष्कर यांच्या कडेला मुक्काम केला. खडकी आणि पुणे ही दोन्ही लष्करी ठाणी तिच्या हाताशी होती, आणि इंग्रजांच्या दृष्टीने तेच महत्त्वाचं होतं. पण स्टेशन आलं की गाव मागोमाग येतंच. मालधक्का आला, राजा बहादूर मिल आली, टांगेवाले, खाणावळी, लॉज आले. मालधक्का चौक हे नाव आजही रोजच्या बोलण्यात आहे. दक्षिणेकडून सदर्न मराठा रेल्वेचा मीटरगेज फाटा आला आणि मिरज-बेळगावकडची माणसं पुण्यात उतरू लागली. मिरजेचा तो मार्ग १९७१ साली ब्रॉडगेज झाला. तोवर दोन मापांचे रूळ या स्टेशनाने एकत्र सांभाळले.

आता १९२५. नव्या इमारतीचं उद्घाटन झालं त्याच जुलै महिन्याच्या पहिल्या तारखेला जीआयपीचा कारभार खासगी कंपनीकडून सरकारकडे आला होता. त्याच वर्षी ३ फेब्रुवारीला मुंबईत कुर्ल्यापर्यंत देशातली पहिली विजेची गाडी धावली होती. म्हणजे ही इमारत कंपनीच्या काळात बांधली गेली आणि उघडली तेव्हा वाफेचा जमाना सरत होता. वीज पुण्याला पोहोचली ५ नोव्हेंबर १९२९ला. घाटात मालगाड्या ओढायला स्वित्झर्लंडच्या घडणीची अवजड विद्युत इंजिनं आली. वळणावरची त्यांची चाल आणि उभी असतानाचं कण्हणं यावरून रेल्वेच्या लोकांनी त्यांना नाव ठेवलं ‘खेकडा’. त्यांतल्या एकावर सर लेस्ली विल्सन यांचं नाव आहे, आणि ते दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात जपलेलं आहे. पुण्याच्या इमारतीचं उद्घाटन करणाऱ्या माणसाच्या नावाचं, पुण्याच्या घाटातलं इंजिन पाहायला पुणेकराला दिल्लीला जावं लागतं.

१ जून १९३० रोजी डेक्कन क्वीन निघाली. सुरुवातीला तिच्यात फक्त पहिला आणि दुसरा वर्ग होता. तिसऱ्या वर्गाला डबा मिळाला जून १९५५मध्ये. पुढे हीच गाडी पासधारक नोकरदारांची झाली, आणि तिचा वाढदिवस दर वर्षी स्टेशनवर साजरा होऊ लागला. राणीवरचं पुणेकरांचं प्रेम खरं आहे, त्यावर पुष्कळ लिहिलंही गेलंय.

त्यामानाने १९४२ची हकिकत फारशी कुणी सांगत नाही. ९ ऑगस्टला पहाटे मुंबईत पकडलेल्या नेत्यांना घेऊन खास गाडी घाट चढून आली. गांधीजींना पुण्यापर्यंत न आणता चिंचवडलाच उतरवून आगाखान पॅलेसमध्ये नेलं. काँग्रेस कार्यकारिणीचे सदस्य पुढे अहमदनगरला जायचे होते. त्यांची गाडी पुणे स्टेशनात थांबली तेव्हा फलाटावरच्या लोकांनी घोषणा दिल्या, पोलिसांनी लाठ्या चालवल्या, आणि ते पाहून जवाहरलाल नेहरूंनी डब्याच्या खिडकीतून खाली उडी घेतली. या प्रसंगाची ठळक खूण फलाटावर असायला हवी.

हा इतिहास बाळगणाऱ्या जुन्या इमारतीच्या जीर्णोद्धाराचं खरं अवघडपण वेगळंच आहे. नुसती दर्शनी बाजू उजळून रात्री रंगीत दिवे सोडले की काम झालं, असं समजणं सोपं असतं. पण जुन्या दगडी बांधकामाचं नुकसान बहुतेक वेळा हौसेच्या दुरुस्तीनेच होतं: दगडावर तैलरंग, सांध्यांत चुन्याऐवजी सिमेंट, कमानी बुजवून केलेल्या खोल्या, भिंत फोडून नेलेल्या केबल. ओल आत अडकते आणि दगड पापुद्र्यांनी सुटतो. याच लोहमार्गावरच्या भायखळा स्टेशनचं काम कसं झालं ते पाहावं. १८५३च्या पहिल्या गाडीच्या वाटेवरचं ते स्टेशन. रोजच्या लोकल चालू ठेवून तिथली जुनी वास्तू पूर्ववत केली गेली आणि २०२२ साली तिला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस तर २००४पासून जागतिक वारसा आहे आणि तरीही रोज लाखोंची ये-जा पेलतं. वारसा की वाहतूक, हा वाद या दोन ठिकाणी तरी निकालात निघाला आहे.

पुण्यात अडचण जागेची आहे. फलाट सहा, आणि लांब गाड्या सगळ्यांवर मावत नाहीत. यार्डाची फेररचना वर्षानुवर्षं चर्चेत आहे. म्हणूनच हडपसरहून गाड्या सुटू लागल्या, खडकीचंही काम हाती घेतलं गेलं. १ ऑगस्ट २०२३पासून मेट्रो स्टेशनच्या दारात आली. हा भार जसजसा विभागला जाईल तसतशी मधल्या जुन्या इमारतीला उसंत मिळेल. नंतर जोडलेल्या भिंती नि पत्रे काढून मूळ दालनं मोकळी करायची ती त्याच वेळी. नकाशे काढून कुठला थर कोणत्या साली चढला हे आधी ठरवावं, मग गवंडी बोलवावेत. आणि एखाद्या मोकळ्या झालेल्या दालनात बोरघाटाची गोष्ट मांडावी, बर्कली आणि अ‍ॅलिस ट्रेडवेल यांच्या नावानिशी, आणि ज्यांची नावं कुठेच नोंदलेली नाहीत त्या चाळीस हजारांनाही भिंतीवर तेवढीच जागा देऊन.